विधी, पुढे प्रश्नचिन्ह

माझ्याकडे एक जुनी फील्डबुक आहे. कडा मातीने तपकिरी झाल्यात, मधली चार-पाच पानं भिजून फुगलीत, आणि एका पानावर मी मोठ्ठ्या ठळक अक्षरात ‘विधी’ असं लिहून खाली दोनदा रेघ मारलीये. त्या शब्दापुढे लाल पेनने काढलेलं एक प्रश्नचिन्ह आहे. ते माझं नाही, मॅडमचं आहे.

झालं असं होतं की मी विद्यार्थी असताना एका उत्खननावर गेलो होतो, तिसरा आठवडा चालू होता, तोवर माझ्या वाट्याला फक्त खापरं धुणं आणि घमेली उचलणं आलेलं, आणि त्या दिवशी सकाळी माझ्या ट्रेंचच्या कोपऱ्यात मातीचा रंग बदलला. बादलीच्या तोंडाएवढा गोल काळपट डाग. म्हणजे कधीतरी कुणीतरी तिथे खड्डा खणला होता आणि नंतर तो दुसऱ्याच मातीने भरला गेला होता. तासभर ब्रश आणि लाकडी काडीने साफ करत खाली गेलो तर आत एक छोटं मडकं, पालथं. शेजारी शेळीच्या नाहीतर मेंढीच्या बरगड्या, एकीला लागून एक, अगदी ओळीने. मला तर काय करू नि काय नको असं झालं. खणलेला खड्डा, पालथं मडकं, रचलेली हाडं, अजून काय पाहिजे माणसाला! लगेच लिहून टाकलं.

दुपारी मॅडम आल्या, खड्ड्याशी उकिडव्या बसल्या, बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “विधी? कशावरून?”

“मॅडम, मडकं पालथं ठेवलंय.”

“ठेवलंय की पडलंय?”

“पण बरगड्या बघा ना, कशा ओळीने लावल्यात.”

“अरे, बरगड्या जनावराच्या अंगात ओळीनेच असतात. मांसासकट एक तुकडा कुणी फेकला, मांस सडून गेलं, की हाडं अशीच राहणार.” आणि माझ्या वहीत ते प्रश्नचिन्ह काढून त्या पुढच्या ट्रेंचकडे निघून गेल्या. मडकं उचलायचं नव्हतंच अजून, आधी फोटो, मग ड्रॉइंग, मग मापं. दोन दिवस ते तसंच पालथं पडून होतं आणि मी त्याच्याकडे जरा रागानेच बघत होतो.

पुरातत्त्ववाल्यांवर एक जुना जोक आहे, त्यांना एखाद्या वस्तूचा उपयोग कळला नाही की ते तिच्यावर ‘धार्मिक’ असं लेबल लावतात. लोक हा जोक बाहेरून मारतात असं वाटतं पण खरं तर तो सगळ्यात जास्त साइटवरच्या तंबूत, रात्री, एकमेकांवर मारला जातो. याला कारणही आहे. १९५४ साली ख्रिस्तोफर हॉक्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने एक शिडी मांडली होती. खालच्या पायरीवर तंत्र, म्हणजे वस्तू कशी बनवली, हे कळायला सोपं. त्याच्या वर पोट कसं भरायचे, ते जरा अवघड पण जमतं. त्याच्या वर समाज कसा होता, कोण मोठा कोण छोटा. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर श्रद्धा, जिथे लिखित काही हाताशी नसेल तर पोचणं सगळ्यात कठीण. पुढच्या पिढ्यांनी या शिडीवर भरपूर टीका केली, ती बरीचशी बरोबरही आहे, कारण घर बांधणं, स्वयंपाक करणं आणि देवधर्म या गोष्टी कुठल्याच समाजात अशा वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. पण मला ती शिडी अजून उपयोगी वाटते, वर चढायला नाही, आपण किती पायऱ्या गाळून उडी मारली ते मोजायला. मी त्या दिवशी जमिनीवरून थेट चौथ्या पायरीवर गेलो होतो.

आणि असं करणारा मी काय एकटा नाही, म्हणजे मोठमोठ्यांचंही होतं हे. तुर्कस्तानातलं गोबेक्ली तेपे घ्या. १९६३ साली इस्तंबूल आणि शिकागो विद्यापीठांचा एक सर्व्हे त्या टेकडीवरून गेला, त्यांना वर आलेले घडीव दगड दिसले आणि त्यांनी ते मध्ययुगीन कबरींचे असतील असं समजून सोडून दिले. तीस वर्षांनी क्लाउस श्मिट हे जर्मन पुरातत्त्वज्ञ तिथे गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे दगड म्हणजे जमिनीत गाडल्या गेलेल्या ‘टी’ आकाराच्या खांबांची डोकी आहेत, काही खांब पाच मीटरच्या वर उंच, कोल्हे-साप-विंचू-गिधाडं कोरलेले, आणि वय साडेअकरा हजार वर्षांच्या आसपास, म्हणजे शेती नीट सुरू व्हायच्या आधीचे. श्मिट म्हणाले हे देवस्थान, इथे कुणी राहत नव्हतं, लांबलांबून लोक यायचे. जगभर ‘पहिलं मंदिर’ म्हणून ते गाजलं, आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवरही फिरलं. श्मिट २०१४ मध्ये गेले, काम चालू राहिलं, आणि नंतरच्या खणण्यात राहती घरं, रोजच्या वापरातली अवजारं, पावसाचं पाणी साठवायची सोय असं सगळं सापडायला लागलं, त्यामुळे ‘कुणी राहत नव्हतं’ हे काही टिकलं नाही. आता तिथे काम करणारी मंडळी मंदिर हा शब्द जरा जपूनच वापरतात. एकच टेकडी, साठ वर्षांत आधी कबरस्तान, मग मंदिर, मग गाव. दगड तेच.

तुलनेने दफनं सोपी वाटतात. समोर सांगाडा आहे, खड्डा आहे, म्हणजे पुरलं असणार, त्यात काय एवढं. पण ‘पुरलं’ हे सिद्ध करणं हेच केवढं किचकट काम आहे ते मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी या विषयाच्या खरं तर प्रेमात पडलो.

फ्रान्समध्ये आन्री द्युदे यांनी एक पद्धत रुजवली, सांगाडा प्रयोगशाळेत नेऊन नव्हे तर जमिनीतच, आहे त्या जागी वाचायचा. त्याचं मूळ तत्त्व इतकं साधं आहे की आपल्याला आधी का सुचलं नाही असं वाटतं. मेल्यानंतर शरीरातले सांधे एकाच वेळी सुटत नाहीत. हाताची बोटं, पायाची बोटं, मान, हे लवकर सुटतात. कंबर, गुडघा, घोटा यांचे चिवट, ते बराच काळ धरून राहतात. म्हणजे एखाद्या सांगाड्याच्या बोटांची चिमुकली हाडं जर जागच्या जागी, एकापुढे एक सापडली तर हा माणूस मेल्यावर लगेच तिथे आला, सांधे सुटायच्या आत मातीखाली गेला. बोटं विखुरलेली आणि मोठे सांधे शाबूत असतील तर देह आधी कुठेतरी दुसरीकडे होता, नंतर आणला, असं असू शकतं. पुढची गोष्ट, हाडं पडायला रिकामी जागा लागते. अंगावर थेट माती लोटली असेल तर मांस जसजसं जातं तसतशी माती ती जागा भरते आणि हाडं फारशी हलत नाहीत. पण पेटी असेल, लाकडी झाकण असेल, तर आत पोकळी असते, मग कमरेची हाडं उघडून सपाट होतात, मांड्यांची हाडं बाहेर लोळतात. पेटी कधीच कुजून गेली, तिचा कणसुद्धा उरला नाही, तरी ती होती हे हाडं सांगतात. आणि हाडं एका सरळ रेषेत अडून राहिली असतील, जणू भिंतीला टेकून, तर तिथे भिंतीसारखं काहीतरी होतं, फळी, कापड, टोपली.

हे सगळं माहीत असलं की मग केनियातल्या त्या मुलाची गोष्ट वेगळीच वाटते. पांगा या सैदी नावाची गुहा आहे, किनाऱ्यापासून फार लांब नाही. २०१३ मध्ये तिथे आताच्या जमिनीपासून साधारण तीन मीटर खाली हाडाचे काही बारके तुकडे दिसले, इतके मऊ की हात लावला तर भुगा. २०१७ मध्ये शेवटी सगळा मातीचा गोळाच प्लास्टरमध्ये गुंडाळून उचलला, आधी नैरोबीला आणि मग स्पेनमधल्या बुर्गोसच्या प्रयोगशाळेत नेला. आत काय आहे हे उचलणाऱ्यांनाही नक्की माहीत नव्हतं. आत होतं अडीच-तीन वर्षांचं मूल, ७८ हजार वर्षांपूर्वीचं. त्याचं नाव ठेवलंय ‘म्टोटो’, स्वाहिलीत मूल. उजव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेतलेले. खड्ड्यातली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी, म्हणजे खड्डा मुद्दाम खणलेला. पाठीचा कणा आणि बरगड्या जागेवर. पण डोकं आणि मानेचे मणके एका विशिष्ट पद्धतीने खाली सरकलेले, जसं डोक्याखाली काहीतरी मऊ होतं आणि ते कुजल्यावर डोकं त्या पोकळीत कललं. आणि खांद्यापाशी गळ्याचं हाड आणि वरच्या बरगड्या आत वळलेल्या, जसं वरचं अंग कशाततरी घट्ट गुंडाळलेलं असावं.

उशी सापडली नाही. कापड सापडलं नाही, पानं की कातडं की काय ते कुणाला सांगता येणार नाही. सापडली ती फक्त मान कलण्याची पद्धत. २०२१ मध्ये हे छापून आलं तेव्हा मी ते रात्री वाचत होतो आणि त्या आकृतीत कललेली मान बघून लॅपटॉप मिटून ठेवला. यात श्रद्धेबद्दल एक अक्षर नाहीये, आत्मा, परलोक, पुनर्जन्म, काही नाही. कुणीतरी लेकराच्या डोक्याखाली काहीतरी ठेवलं एवढंच. हॉक्सच्या शिडीवर हे कुठल्या पायरीवर टाकायचं मला माहीत नाही.

याच्या बरोब्बर उलटी गोष्ट शानिदारची. इराकच्या कुर्दिस्तानातली गुहा, राल्फ सोलेकी यांनी १९५३ ते १९६० दरम्यान तिथे निअँडर्थल माणसांचे सांगाडे काढले. १९६० मध्ये मिळालेल्या चौथ्या सांगाड्याभोवतालच्या मातीत फुलांचे परागकण सापडले, तेही झुबक्याझुबक्यांनी. आर्लेट लेरुआ-गुऱ्हाँ यांनी ते तपासले आणि निष्कर्ष असा निघाला की याला फुलांच्या शेजेवर निजवलं होतं. त्यातल्या काही वनस्पती औषधी म्हणून ओळखीच्या, त्यामुळे हा वैद्य किंवा भगत असेल इथपर्यंत बात गेली. काळही कसला, साठच्या दशकाचा शेवट, फुलं हवीच होती सगळ्यांना. मी स्वतः कित्येक वर्षं ही गोष्ट लोकांना सांगत होतो, मस्त रंगवून सांगत होतो. मग कुणीतरी दाखवलं की त्या भागातला एक उंदरासारखा प्राणी बिळात फुलांचे तुरे साठवतो, आणि गुहेत बिळं होतीच. आणि अलीकडे, २०२३ मध्ये, अजून एक शक्यता पुढे आली, जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्या. एकाच झुबक्यात वेगवेगळ्या ऋतूंत फुलणाऱ्या झाडांचे पराग होते. वसंतातली आणि नंतरची फुलं एकाच दिवशी कोण आणून ठेवणार? मधमाशीच्या जातीतल्या कुणीतरी, थोडं थोडं करून.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्याच गुहेत केंब्रिजची टीम परत खणायला गेली आणि २०१८ मध्ये त्या फुलांच्या सांगाड्याला अगदी खेटून अजून एक निघाला, कवटी दाबून चपटी झालेली, डावा हात डोक्याखाली दुमडलेला. त्या एकाच कोपऱ्यात, एका उंच खडकाच्या पायथ्याशी, एकाहून जास्त माणसं. पुन्हा पुन्हा त्याच जागी ते येत होते का, मधे किती वर्षं गेली, यावर आता काम चालू आहे. फुलं गेली, जागा उरली. जागा जास्त भारी आहे असं माझं मत, पण बातमीत फुलंच चालतात.

आपल्याकडचं इनामगाव मला या सगळ्यात कायम आठवतं. घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ इतकी वर्षं खणलेली, सांकळिया, ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं. दोनशेच्या वर दफनं, आणि ती बहुतेक घरातच, जमिनीखाली. लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, वर पुन्हा सारवून रोजचा वावर चालू. मोठ्या माणसांना उताणं निजवलेलं, आणि त्यांची पावलं नाहीत. घोट्याच्या वरून तोडलेली. याचं स्पष्टीकरण सगळ्या पुस्तकांत एकच, मेलेल्याने उठून चालू लागू नये, भूत होऊन जाऊ नये म्हणून. मला लहानपणापासून हे पाठ होतं आणि कधी शंका आली नाही, कारण ऐकताक्षणी पटतं. पण जरा शिडी लावून बघा. पावलं नाहीत, हे दिसतं. पुरतानाच तोडली, हे हाडांवरून सांगता येतं. मोठ्यांचीच, मुलांची नाही, हा मोजून काढलेला पॅटर्न, आणि तो फार बोलका आहे. आता पुढचं, भुताची भीती, हे आपण घातलं. कदाचित बरोबरच असेल. पण प्रेमानेही पाय तोडता येतात की, तू कुठे जाऊ नकोस, घरातच राहा, म्हणून. घराच्या जमिनीखाली पुरणारी माणसं मेलेल्याला घाबरत होती की सोडत नव्हती, हे तुटलेल्या हाडाच्या टोकावर लिहिलेलं नसतं. आणि त्याच गावात मधोमध, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात एक माणूस चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला सापडला. त्याला निजवला नाही, बसवला. का, यावर तोही बोलत नाही.

या धंद्यात एक वाक्य सारखं ऐकू येतं, मेलेला स्वतःला पुरत नाही. कबर म्हणजे जिवंतांनी मेलेल्याबद्दल काय ठरवलं ते. स्वीडनमधल्या बिर्का या वायकिंग काळातल्या गावातली ‘बीजे ५८१’ क्रमांकाची कबर १८७८ साली उघडली, तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे, सोंगट्या. लढवय्या पुरुष, विषय संपला. १९७० च्या दशकात कुणीतरी हाडं बघून म्हणालं की ही बाई वाटतेय, फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०१७ मध्ये डीएनएने बाई ठरली, तेव्हा एकदम शंकांचा पाऊस पडला, हाडं बदलली असतील, शस्त्रं तिची नसतील, शस्त्रं होती म्हणून ती लढली असं थोडंच आहे. हे प्रश्न योग्यच आहेत! फक्त ती पुरुष असताना १३९ वर्षं एकालाही का पडले नाहीत एवढंच. इटलीतल्या मोदेनाचे हातात हात घेतलेले ‘प्रेमिक’ २००९ मध्ये सापडले आणि दहा वर्षांनी दाताच्या इनॅमलवरून दोघेही पुरुष निघाले, तेव्हा ते भाऊ, सोबती, सैनिक असे सगळे पर्याय पटापट सुचले. पहिल्या दिवशी सुचले नव्हते.

मातीच्या बाहुल्यांचं तर विचारूच नका. चाताल्होयुक, पुन्हा तुर्कस्तान, नऊ हजार वर्षांपूर्वीचं गाव, दारं छपरातून, पूर्वज झोपायच्या ओट्याखाली पुरलेले. तिथे १९६१ मध्ये जेम्स मेलार्ट यांना एक बसलेली स्थूल बाई मिळाली, दोन्ही हात दोन वाघरांवर, आणि ती झाली महामाता. फोटो तुम्ही पाहिला असणार. त्यात जे डोकं दिसतं ते आताचं आहे, नंतर बसवलेलं. आणि ती देव्हाऱ्यात नव्हती सापडली, धान्याच्या कणगीत होती. नंतर इयन हॉडर यांच्या टीमने पंचवीस वर्षं शांतपणे मोजदाद केली तर मातीच्या मूर्तींमध्ये प्राणीच जास्त, आणि बहुतेक सगळ्या उकिरड्यात. म्हणजे बनवल्या, काहीतरी केलं, फेकून दिल्या. आता यावरून कुणी म्हणेल, बघा, धर्मबिर्म काही नव्हतं. हीसुद्धा उडीच, फक्त उलट्या दिशेची. घडवून, वापरून, मोडून टाकणं हाच सगळा कार्यक्रम असू शकतो, आणि मग उकिरडा हीच ती जागा. कचरा आणि पूजा यांच्यात रेघ आपण मारतो.

मला स्वतःला हल्ली ‘त्यांचा विश्वास काय होता’ या प्रश्नापेक्षा हात कुठे कुठे फिरला ते बघण्यात जास्त रस वाटतो. पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोला १९५३ मध्ये कॅथलीन केन्यन या पुरातत्त्वज्ञांना प्लास्टर लिंपून चेहरा केलेल्या कवट्या मिळाल्या, डोळ्यांच्या जागी शिंपले. त्यातली एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिला फोडून आत बघणं शक्य नव्हतं, म्हणून ५०-६० वर्षांनी सीटी स्कॅन केला. प्रौढ माणूस, नाक एकदा मोडून जुळलेलं, लहानपणी डोकं बांधून आकार दिलेलं. मागच्या बाजूने हाडाचा गोल तुकडा कापून त्या भोकातून आत माती भरलेली, म्हणजे प्लास्टर लिंपताना कवटी आतून दबू नये. आणि ते भोक बंद करायला बारीक मातीचा गोळा दाबलेला, त्यावर अंगठ्याचे ठसे. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे, मेलेल्याच्या डोक्याच्या आत. हे कुणी बघावं म्हणून केलेलं नाही. ते काम नीट व्हावं म्हणून केलंय, शिंप्याने आतली शिवण पक्की घालावी तसं.

तर माझं मडकं. दोन दिवसांनी ड्रॉइंग पूर्ण झालं, मॅडम आल्या, आणि मी दोन्ही हातांनी ते सरळ वर उचललं. आत काही नव्हतं. बारीक कोरडी माती, ती चाळली, तिच्यातही काही नव्हतं. माझा चेहरा पडला असणार. पण मॅडम खड्ड्याच्या तळाकडे बघत होत्या. तळाला गाळासारखी मऊ चिकण माती होती आणि तिच्यात मडक्याच्या काठाचा गोल ठसा उमटला होता. एक नाही, दोन. एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं, मधे फार तर दोन बोटांचं अंतर, पहिलं पुसट, दुसरं खोल.

“पडलेलं मडकं असं नाही ना करत?” मी विचारलं.

मॅडमनी माझ्या हातातून वही घेतली, पेन्सिल घेतली, आणि दोन्ही वर्तुळं मापासकट त्या पानावर काढली. शेजारी लिहिलं, ‘आधी टेकवलं, मग उचलून थोडं सरकवून पुन्हा दाबलं.’ प्रश्नचिन्ह तसंच राहू दिलं.